न थांबण्याची जबाबदारी

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी भरलेली जहाजे सहसा ताफ्याने जात; भोवती युद्धनौकांचे कडे असे आणि ताफ्यातल्या सर्वांत संथ जहाजाचा वेग हाच सगळ्यांचा वेग ठरे. ‘क्वीन मेरी’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ या कुनार्ड कंपनीच्या दोन महाकाय प्रवासी जहाजांनी मात्र १९४२ पासून अटलांटिक बहुतेक वेळा एकट्यानेच ओलांडला. किनाऱ्याजवळच्या टापूत विनाशिका आणि विमाने सोबतीला येत, पण मधल्या हजारो मैलांत कोणीही नसे, कारण खवळलेल्या समुद्रात दिवसचे दिवस २८ नॉटचा, म्हणजे तासाला २८ सागरी मैलांचा, वेग टिकवून ठेवणे त्या काळच्या विनाशिकांना जमण्यासारखे नव्हते. जुलै १९४३ च्या अखेरीस न्यू यॉर्कहून निघालेल्या ‘क्वीन मेरी’वर १५,७४० सैनिक आणि ९४३ कर्मचारी, म्हणजे एकूण १६,६८३ माणसे होती. त्या सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या जहाजावर नव्हत्या. तोफा होत्या, पण पाण्याखालून येणाऱ्या टॉर्पेडोपुढे त्यांचा काहीच उपयोग नव्हता. सोळा हजारांहून अधिक जिवांचे संरक्षण म्हणून जे काही होते, ते सगळे जलरेषेखाली, वाफ तयार करणाऱ्या बॉयलरांच्या आणि त्या वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनांच्या दालनांत होते.

मी उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. त्यामुळे या जहाजांविषयी वाचताना भव्य जिने, लाकडी कोरीवकाम आणि नामवंत प्रवासी यांच्या वर्णनापाशी माझे मन रेंगाळत नाही. शांततेच्या काळात चार-पाच दिवसांची फेरी झाली की यंत्रांना हात लावायला बंदरात सवड मिळे. मग वर्षानुवर्षे, नेहमीची गोदी हाताशी नसताना, मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक माणसे घेऊन, आणि आपण थांबलो तर हजारो जण बुडतील हे ठाऊक असताना, ही यंत्रे चालती कोणी आणि कशी ठेवली, हा प्रश्न मला सोडत नाही. युद्धातल्या या जहाजांची खरी कहाणी माझ्या मते तीच आहे.

वेगाचे गणित आधी पाहू. जर्मनीच्या ज्या पाणबुड्या सर्वांत मोठ्या संख्येने अटलांटिकमध्ये होत्या, त्या पृष्ठभागावर १७ नॉटच्या थोड्या वर आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉट वेगाने जाऊ शकत. २८ नॉटने जाणाऱ्या जहाजाचा पाठलाग त्यांना अशक्य होता. त्यांना एकच आशा असे, ती म्हणजे जहाज योगायोगाने त्यांच्याच दिशेने येण्याची. आणि तसे आले तरी ते दर काही मिनिटांनी ठरलेल्या आराखड्यानुसार नागमोडी वळत असल्याने नेम धरायला फार थोडा वेळ मिळे. चार मिनिटांत हे जहाज जवळजवळ दोन सागरी मैल पुढे निघून जाई. ९ नोव्हेंबर १९४२ रोजी यू-७०४ या पाणबुडीला ‘क्वीन एलिझाबेथ’ अशी अवचित समोर सापडली. पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले आणि चारही वाया गेले. युद्धभर दोन्ही जहाजांना शत्रूचा एकही टॉर्पेडो लागला नाही. हे नशीब होते असे म्हणता येईल, पण ते नशीब दर मिनिटाला दोनशेच्या जवळपास फेरे घेणाऱ्या चार प्रोपेलरांवर उभे होते. त्यांना फिरवणारा एक जरी शाफ्ट, म्हणजे दांडा, बंद पडला असता, तरी हे सगळे गणित त्याच क्षणी बदलले असते.

‘क्वीन मेरी’ची यंत्रसामग्री स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन यांच्या कारखान्यात तयार झाली. २४ यॅरो बॉयलर, चौरस इंचाला ४०० पौंडांच्या दाबाची वाफ, चार शाफ्ट आणि एकूण १,६०,००० अश्वशक्ती. प्रत्येक शाफ्टवर चार टर्बाइन एका मोठ्या गिअरभोवती बसवलेले होते. वाफ एकातून दुसऱ्यात जाताना आपली शक्ती टप्प्याटप्प्याने देत जाई. टर्बाइनला वेगाने फिरायला आवडते, तर प्रोपेलर संथ फिरला तरच पाण्याला नीट रेटा देतो. १९०७ च्या ‘मॉरिटानिया’वर आणि १९१४ च्या ‘अक्विटानिया’वर टर्बाइन थेट शाफ्टला जोडलेले असल्याने दोघांनाही मनाविरुद्ध तडजोड करावी लागत असे. मधे गिअर आला आणि दोघांचीही सोय झाली. पण गिअरनेही सहजासहजी साथ दिली नव्हती. १९२० नंतरच्या काही वर्षांत दोन टप्प्यांत वेग उतरवणारे गिअर ब्रिटिश जहाजांवर मोठ्या संख्येने बसवले गेले आणि त्यांचे दाते तुटण्याचे प्रकार इतके घडले की अनेक जहाजमालकांनी त्यांची धास्ती घेतली. ‘क्वीन मेरी’च्या रचनाकारांनी एकाच टप्प्याचा, आकाराने अवजड पण खात्रीचा गिअर निवडला. शांततेच्या काळात हा निर्णय कोणाच्या लक्षातही आला नसता. युद्धात त्याचे मोल कळले.

त्याहूनही शहाणपणाची गोष्ट म्हणजे मांडणी. २४ मुख्य बॉयलर चार दालनांत सहा-सहा असे विभागलेले होते. दिवे, स्वयंपाकघर आणि इतर सोयींसाठी पाचव्या दालनात वेगळे बॉयलर होते. आणि टर्बाइनही दोन स्वतंत्र इंजिनरूममध्ये वाटलेले होते, म्हणजे पुढच्या इंजिनरूममधून बाहेरचे दोन शाफ्ट आणि मागच्या इंजिनरूममधून आतले दोन. एखाद्या बॉयलरची ट्यूब गळू लागली तर तो बॉयलर विझवून, थंड करून, आत माणूस शिरवून दुरुस्ती करता येई आणि जहाजाचा वेग अर्ध्या नॉटनेही क्वचितच घटे. बिघाड होणारच, हे गृहीत धरून जी यंत्रणा उभी केली जाते तिच्यावरच भरवसा ठेवावा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. ‘क्वीन एलिझाबेथ’वर त्याच शक्तीसाठी १२ मोठे बॉयलर पुरले, कारण मधल्या काही वर्षांत बॉयलरचे तंत्र पुढे गेले होते, पण तिथेही विभागणीचे तत्त्व सोडलेले नव्हते.

‘क्वीन एलिझाबेथ’ची पहिली सफर इंजिनिअरच्या नजरेने पाहिली तर अंगावर काटा येतो. मार्च १९४० मध्ये, सागरी चाचण्या झालेल्या नसताना, तिला गुप्तपणे क्लाइडहून थेट न्यू यॉर्ककडे धाडण्यात आले. ती साउदम्प्टनला जाणार अशी समजूत मुद्दाम पसरवलेली होती. खुद्द कर्मचाऱ्यांनाही किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे आहे असेच सांगितले होते. नव्या जहाजाच्या चाचण्यांत बेअरिंग तापतात, पंप रुसतात, जोड गळतात, आणि हे सगळे घडावे म्हणूनच चाचण्या घेतात. इथे पहिली चाचणी म्हणजेच पाणबुड्यांनी भरलेल्या महासागरातली पहिली फेरी होती. ७ मार्चला ती न्यू यॉर्कला पोचली. तिथे ‘क्वीन मेरी’ आणि फ्रान्सची ‘नॉर्मंडी’ आधीपासून उभ्या होत्या. त्यांपैकी ‘नॉर्मंडी’ सैनिकवाहू झालीच नाही. तिचे रूपांतर चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ रोजी वेल्डिंगच्या ठिणगीने जीवरक्षक जॅकेटांच्या ढिगाला आग लागली आणि ती विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने ते देखणे जहाज धक्क्यालाच कलंडले.

या दोन्ही राण्या उत्तर अटलांटिकसाठी बांधलेल्या होत्या, आणि पहिली दोन वर्षे त्यांना काढावी लागली ती हिंदी महासागरात. इथे इंजिनरूमची एक अडचण सांगायला हवी, कारण प्रवाशांच्या आठवणींत ती कधी येत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि त्यामुळे तिथे निर्वात पोकळी तयार होते. समुद्र जितका थंड तितकी पोकळी चांगली, आणि पोकळी जितकी चांगली तितके वाफेचे काम अधिक. क्लाइडच्या गार पाण्यासाठी आखलेला कंडेन्सर अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात तेवढे काम देत नाही. त्याच वेगासाठी अधिक वाफ, अधिक तेल आणि अधिक उष्णता सोसावी लागते. त्यातच कोमट समुद्रात जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले झपाट्याने धरतात, वेग उतरतो, आणि तळ खरवडायला ड्रायडॉक, म्हणजे पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी, लागतो. एवढी मोठी जहाजे मावतील असे ड्रायडॉक जगात हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. साउदम्प्टनचा जर्मन बॉम्बफेकी विमानांच्या टप्प्यात होता. सिंगापूरचा १९४२ च्या फेब्रुवारीत जपानच्या हाती गेला. त्याच सुमारास ‘क्वीन एलिझाबेथ’ला तळ साफ करण्यासाठी पार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एस्क्विमॉल्टपर्यंत जावे लागले.

मुंबईनेही ‘क्वीन मेरी’ पाहिलेली आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये सिडनीहून ऑस्ट्रेलियन सैनिक घेऊन निघालेल्या ताफ्यात ती, ‘अक्विटानिया’ आणि नवी ‘मॉरिटानिया’ अशी तीन जहाजे होती. तांबड्या समुद्रात तेव्हा इटालियन विमानांची भीती असल्याने तिला मुंबईच्या पुढे नेले नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मुंबई बंदरात नांगरली आणि सैनिकांना उतरवून पुढे लहान जहाजांनी सुएझकडे नेण्यात आले. मधले काही दिवस त्यांतल्या अनेकांनी नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत काढले. बंदरात ती उभी असतानाचा इंजिनरूममधला उकाडा मी कल्पनेने समजू शकतो. मुंबईच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा पडलेला असताना, बॉयलर पेटते ठेवून पहारा देणे किती कठीण असते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

कंडेन्सरविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या नोकरीतली आहे. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या एका टँकरवर मी कनिष्ठ इंजिनिअर असताना एका रात्री बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्यात मीठ दिसू लागले. याचा अर्थ कंडेन्सरच्या हजारो नळ्यांपैकी एखादी फुटून समुद्राचे पाणी आत येत होते. ते तसेच बॉयलरमध्ये गेले असते तर ट्यूबांवर क्षार साठून त्या तापल्या असत्या आणि शेवटी फाटल्या असत्या. आम्ही वेग उतरवला, कंडेन्सरचा अर्धा भाग बंद केला, झाकण काढून आत शिरलो आणि नळ्यांच्या तोंडांवरून मेणबत्तीची ज्योत फिरवत राहिलो. जिथे ज्योत आत ओढली जाते ती नळी फुटकी. ती सापडल्यावर तिच्या दोन्ही टोकांना बूच ठोकायला काही क्षण पुरले; सापडायला मात्र पहाट झाली. आमच्यावर कोणी टॉर्पेडो रोखलेला नव्हता, आणि थांबावे लागले असते तर मालक फक्त नाराज झाला असता. ‘क्वीन मेरी’च्या इंजिनिअरांनी हेच काम, डोक्यावर हजारो माणसे झोपलेली असताना, वेग उतरवण्याची मुभा नसताना केले. त्या माणसांविषयी मला वाटणारा आदर शब्दांत नीट मांडता येत नाही.

पहिल्या महायुद्धात गोष्ट वेगळी होती, कारण तेव्हा जहाजे कोळशावर चालत आणि मोठ्या जहाजांवर शेकडो माणसे फावड्याने भट्ट्या पेटत्या ठेवत. ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण ‘ऑलिम्पिक’ त्या युद्धात सैनिक वाहत होती आणि तिला ‘ओल्ड रिलायबल’ असे टोपणनाव मिळाले. तिच्यावर दोन प्रचंड पिस्टन-इंजिने होती आणि त्यांतून उरलेल्या वाफेवर चालणारा एक टर्बाइन मधल्या शाफ्टवर होता. वेगात ती ‘मॉरिटानिया’च्या मागे होती, पण जुन्या, पारखलेल्या इंजिनांचा संथ दणकटपणा आणि नव्या टर्बाइनची काटकसर यांचा मेळ तिच्यात होता. युद्धकाळात तिने सुमारे दोन लाख माणसे वाहिली, १,८४,००० मैल कापले आणि ३,४७,००० टन कोळसा जाळला. हा शेवटचा आकडा वाचून मी नेहमी थबकतो, कारण त्यातला प्रत्येक टन माणसाच्या हाताने भट्टीत गेला होता. मे १९१८ मध्ये अमेरिकन सैनिक घेऊन येताना तिने यू-१०३ या जर्मन पाणबुडीला धडक देऊन निकामी केले; प्रवासी जहाजाने पाणबुडी बुडवल्याची त्या युद्धातली ही एकमेव नोंद मानली जाते.

त्याच युद्धातला न्यू यॉर्कजवळच्या होबोकेन येथील प्रसंग मला यंत्रांच्या इतिहासातला फार महत्त्वाचा वाटतो. १९१४ पासून तिथे आणि इतर अमेरिकन बंदरांत जर्मन प्रवासी जहाजे अडकून पडली होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तिने ती ताब्यात घेतली, तेव्हा अनेक जहाजांच्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर जर्मन कर्मचाऱ्यांनी जाणूनबुजून फोडलेले आढळले. बिडाच्या तुटलेल्या भागाला सांधा नीट बसत नाही, तेव्हा नवे सिलिंडर ओतावे लागतील आणि त्यात फार वेळ जाईल, असेच जाणकारांचे मत होते. अमेरिकन नौदलाच्या इंजिनिअरांनी, रेल्वेच्या कारखान्यांत वापरात आलेल्या विजेच्या वेल्डिंगवर विश्वास ठेवून, ते तुकडे जागच्या जागी जोडण्याचा निर्णय घेतला. काही महिन्यांत ती इंजिने चालू झाली आणि १९१७ संपण्यापूर्वी ही जहाजे सैनिक घेऊन फ्रान्सकडे निघाली. ज्यांनी ती फोडली त्यांना इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग नेमका ठाऊक होता, कारण ती त्यांचीच इंजिने होती. आणि ज्यांनी ती जोडली त्यांच्याकडे मूळ नकाशेही नव्हते.

त्या जहाजांपैकी एक, पूर्वीची ‘क्रोनप्रिन्सेसिन सेसिली’, ‘माउंट व्हर्नन’ या नावाने धावत होती. ५ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या ब्रेस्टहून परत जाताना तिच्या मध्यभागी टॉर्पेडो बसला, बॉयलरची दालने भरली आणि ३६ जण जागीच गेले. ते सारे खाली काम करणारे होते. उरलेल्या बॉयलरांवर वाफ धरून ती स्वतःच्या शक्तीने ब्रेस्टला परतली. अर्धे बॉयलर पाण्याखाली असताना उरलेल्या भट्ट्यांपुढून माणसे हलली नाहीत, म्हणून वरच्या जखमी सैनिकांसह जहाज वाचले.

न थांबण्याच्या या शिस्तीची दुसरी बाजूही आहे, आणि ती लिहिताना हात जड होतो. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेला ‘क्वीन मेरी’ नागमोडी वळणे घेत येत असताना तिच्या रक्षणासाठी आलेली ‘कुराकोआ’ ही क्रूझर तिच्या मार्गात आली. ८१,००० टनांच्या जहाजाने ४,००० टनांच्या युद्धनौकेचे दोन तुकडे केले. तीनशेहून अधिक नौसैनिक बुडाले. कोणत्याही कारणाने थांबायचे नाही असा ‘क्वीन मेरी’ला सक्त आदेश होता, आणि ती थांबली नाही; मागे असलेल्या विनाशिकांना तिने मदतीला बोलावले. ही बातमी युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवण्यात आली. पुढे न्यायालयाने दोषाचा दोन-तृतीयांश भाग ‘कुराकोआ’वर आणि एक-तृतीयांश ‘क्वीन मेरी’वर ठेवला. इंजिनरूममधल्या लोकांना तेव्हा एक हादरा जाणवला असेल, आणि वरून ‘थांबा’ असा हुकूम न आल्याने त्यांनी वाफ तशीच चालू ठेवली असेल. तो आदेश बरोबर होता असे मी मानतो. जहाजावरच्या हजारोंचा विचार केला तर दुसरा आदेश देताच आला नसता. तरीही जे पाण्यात राहिले त्यांच्या बाजूने पाहिले की हे मत उच्चारणे सोपे राहत नाही.

थांबल्यावर काय होते त्याचा दाखला आधीच मिळालेला होता. कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ ही १९४० च्या मे महिन्यात ‘क्वीन मेरी’बरोबरच ऑस्ट्रेलियाहून सैनिक घेऊन निघालेली होती. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला आयर्लंडच्या किनाऱ्यापाशी जर्मन विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकले आणि ती पेटली. बहुतेक माणसे वाचली, सांगाडाही तरंगत होता, आणि तिला ओढून नेण्याचे काम सुरू झाले. दोन दिवसांनी, दोरावर ओढले जात असतानाच, यू-३२ या पाणबुडीने तिला गाठून बुडवले. ४२,००० टनांचे ते जहाज त्या युद्धात बुडालेल्या प्रवासी जहाजांमध्ये सर्वांत मोठे मित्रराष्ट्रीय जहाज ठरले. स्वतःच्या यंत्रावर ती २४ नॉट जाऊ शकत होती.

आपल्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजांचा विषय निघाला की पी अँड ओ कंपनीची ‘स्ट्रॅथ’ नावाची पांढरी जहाजे आठवणाऱ्या पिढीतले थोडे लोक अजून असतील. मुंबई ते लंडनजवळचे टिलबरी या मार्गावरची ती जहाजेही सैनिकवाहू झाली. त्यांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, भोजनगृहांत गोव्याचे लोक, आणि खाली इंजिनरूममध्ये पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले. ‘स्ट्रॅथॅलन’ला २१ डिसेंबर १९४२ रोजी अल्जीरियातल्या ओरानजवळ टॉर्पेडो लागला तो थेट इंजिनरूमवर; वरच्या हजारो सैनिकांपैकी आणि परिचारिकांपैकी बहुतेक सर्व वाचले, पुढे चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे छायाचित्र टिपणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट याही त्यांत होत्या, आणि जे गेले त्यांत इंजिनरूमचे लोक होते. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या अविभाजित भारताच्या सुमारे साडेसहा हजार खलाशांची नावे असलेली नोंदवही मुंबईत आहे आणि तिचीच प्रत चितगावला आहे. युद्धकथा लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सेनापतींची चरित्रे वाचताना ते सेनापती आणि त्यांचे सैन्य समुद्रापार पोचले कसे, हा प्रश्न आपण विचारत नाही.

प्रवासी जहाज सैनिकवाहू होण्याचा अलीकडचा मोठा प्रसंग १९८२ च्या फॉकलंड युद्धातला. ‘क्यूई २’ हे कुनार्डचे जहाज १२ मे रोजी सुमारे तीन हजार सैनिक घेऊन साउदम्प्टनहून निघाले, त्यांत गुरखेही होते. काठावर जमलेल्या गर्दीला ठाऊक नव्हते की तिच्या तीनपैकी एकच बॉयलर तेव्हा धड चालत होता. जरा पुढे जाऊन, नजरेआड नांगर टाकून बाकीची दुरुस्ती उरकण्यात आली. ‘क्वीन मेरी’वरचे २४ बॉयलर आणि इथले तीन, यांतला फरक इथे दिसतो. कमी संख्येची मोठी बॉयलरे तेल वाचवतात, माणसे वाचवतात, जागा वाचवतात. पण एक बिघडला तर तिसरा हिस्सा शक्ती जाते. या जहाजाला वाफेने आधीही छळले होते. १९६८ च्या डिसेंबरमध्ये चाचण्यांच्या वेळी तिच्या टर्बाइनची पाती कंपनांमुळे तुटली आणि कुनार्डने जहाज स्वीकारायला नकार दिला. १९७४ च्या एप्रिलमध्ये बॉयलरच्या पाण्यात तेल शिरून ती बर्म्युडाजवळ निष्प्राण तरंगत राहिली आणि प्रवाशांना दुसऱ्या जहाजावर हलवावे लागले. तरी १९८२ मध्ये ती दक्षिण जॉर्जियापर्यंत गेली आणि बुडालेल्या युद्धनौकांवरून वाचलेले नौसैनिक घेऊन ११ जूनला परत आली. चार वर्षांनी तिची वाफेची सगळी यंत्रे काढून जर्मनीत नऊ डिझेल इंजिने बसवली गेली.

डिझेलचा विषय आला, तर ज्या जहाजाविषयी लिहावे म्हणून मी हा लेख हाती घेतला त्याच्याकडे वळतो. ‘जॉर्जिक’ हे व्हाइट स्टार कंपनीसाठी बांधलेले शेवटचे जहाज, १९३२ मध्ये सेवेत आलेले, २७,००० टनांहून मोठे. ते आणि त्याआधीची ‘ब्रिटानिक’ ही दोन्ही मोटारजहाजे होती; प्रत्येकी दहा सिलिंडरांची दोन प्रचंड डिझेल इंजिने आणि १८ नॉटचा वेग. १४ जुलै १९४१ रोजी सैनिक उतरवून सुएझजवळ उभे असताना ‘जॉर्जिक’वर बॉम्ब पडले. दारूगोळा पेटला, सगळे जहाज आतून जळाले, मागचा भाग पाण्यात गेला आणि इंजिनरूम भरली. अर्धवट बुडालेल्या अवस्थेत ते किनाऱ्याला टेकले. कोणीही शहाणा माणूस ते भंगारात काढा म्हणाला असता. पण १९४१ मध्ये ब्रिटनकडे मोठी जहाजे इतकी थोडी उरली होती की ते वर काढायचे ठरले.

वर काढल्यानंतर दोन जहाजांनी ओढत त्याला पोर्ट सुदानला नेले, आणि मार्च १९४२ मध्ये तिथून कराचीकडे. वाटेत वादळ गाठले आणि सुकाणू धरायला मागे बांधलेली टगबोट बुडाली. महिनाअखेरीस तो जळका सांगाडा कराचीला लागला. तिथे पुढचे आठ महिने जे काम चालले, त्याचे मोल इंजिनरूममध्ये राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन पाण्याखाली असते तोवर फारसे गंजत नाही; हवा लागली की तासागणिक गंज चढू लागतो. प्रत्येक बेअरिंग उघडायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, पुसून तेल भरायचे. पिस्टन वर ओढायचे. विजेच्या मोटारींची गुंडाळी भट्टीत वाळवायची किंवा नव्याने गुंडाळायची. आणि हे वीस सिलिंडरांसाठी, सिंधच्या उन्हाळ्यात, सुटे भाग बेलफास्टमध्ये आणि वाट युद्धाने अडवलेली असताना. डिसेंबर १९४२ मध्ये ‘जॉर्जिक’ कराचीहून मुंबईला आले, ड्रायडॉकमध्ये त्याचा तळ साफ झाला, आणि २० जानेवारी १९४३ रोजी ५,००० टन कच्चे लोखंड पोटात घेऊन ते मुंबईहून निघाले. वरचे मजले वाकलेले, काळवंडलेले होते. इंजिने स्वतःची होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून, १६ नॉटपर्यंत वेग धरत, १ मार्चला ते लिव्हरपूलला पोचले.

नव्या जहाजासाठी ठरलेल्या वेगापेक्षा हा वेग फक्त दोन नॉटने कमी आहे. आग, बुडणे, दोनदा ओढत नेले जाणे आणि दीड वर्षाचा मुक्काम सोसलेल्या यंत्राकडून मी याची अपेक्षा केली नसती. ‘क्वीन’ जहाजांच्या वाट्याला आलेले कौतुक योग्यच आहे. त्या नसत्या तर अंतिम विजय नक्की लांबला असता असे चर्चिल यांनी म्हटले होते. पण भरवशाचे इंजिन कोणते असे मला विचारले, तर मी आधी ‘जॉर्जिक’चे नाव घेईन, आणि त्या नावाबरोबर कराचीच्या आणि मुंबईच्या गोदीतल्या फिटरांचा उल्लेख केल्याशिवाय राहणार नाही, कारण बेलफास्टमध्ये घडलेल्या त्या इंजिनांना दुसरा जन्म आपल्या किनाऱ्यावर मिळाला.

पुढे बेलफास्टमध्ये जहाजाची पुनर्बांधणी होऊन डिसेंबर १९४४ मध्ये ते सैनिकवाहू म्हणून पुन्हा रुजू झाले. दोन धुरांड्यांच्या जागी एकच आणि पुढच्या डोलकाठीचे नुसते खुंट, असे त्याचे रूप बदलले होते. १९४५ च्या नाताळात अतिपूर्वेकडून पाच हजार सैनिक घेऊन ते लिव्हरपूलला आले, तेव्हा ब्रह्मदेशातल्या चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम त्यावर होते. त्यांच्या त्या सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही लढले होते. कधी ऑस्ट्रेलियाला जाणारे स्थलांतरित आणि कधी सैनिक वाहत ‘जॉर्जिक’ १९५५ पर्यंत चालले आणि १९५६ मध्ये स्कॉटलंडमधील फास्लेन येथे मोडीत निघाले. ‘ब्रिटानिक’ला बॉम्बचा स्पर्शही झाला नव्हता; तिने युद्धात सुमारे १,८०,००० सैनिक वाहिले आणि १९६० पर्यंत अटलांटिकची सेवा केली. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यू यॉर्कमध्ये तिच्या एका इंजिनाचा क्रँकशाफ्ट निकामी झाला. इंजिन बाहेर काढण्याची सोय नसल्याने धक्क्यावरच, जहाजाच्या पोटात, दुरुस्ती करावी लागली. ती पूर्ण व्हायला जुलै उजाडला, आणि त्यानंतर वर्षअखेरीपर्यंत तिने आपल्या फेऱ्या केल्या.